‘हात चांगला होता रे!’

दिवाळीत मामाच्या गावाला रात्रीची जेवणं उरकली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ओसरीवर सतरंजी पडते. कुणीतरी कपाटावरून पत्त्यांचा कॅट काढतं. त्यातली इस्पिकची राणी केव्हाच हरवलेली असते, म्हणून जोकरवर बॉलपेनने ‘राणी’ लिहिलेलं असतं. त्या जोकरचा कोपरा दुमडलेला असल्यामुळे तो पाठीमागूनही ओळखू येतो, आणि ही गोष्ट फक्त सगळ्यात धाकट्या भावाला माहीत नसते. मग ‘रुपया-रुपयानेच हं’ असं म्हणत तीन पत्ती सुरू होते.

आमच्या मामाचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून डिंभे धरणाकडे जाताना लागतं. गेल्या दिवाळीत तिथे आम्ही सहा जण बसलो होतो. मी, चार मामेभाऊ आणि थोरली मामी. बायका-मुलींनी पत्त्यांना हात लावू नये असं आजीचं मत होतं, पण ते मामीने आजीच्या देखतच मोडीत काढलं होतं.

त्या डावात मला एक्का, बादशहा आणि सत्ती आली. रंग तिन्ही वेगळे. एक्का आणि बादशहा एकत्र बघितल्यावर माणसाला काय होतं, ते खेळलेल्यांना कळेल. मी चाल दिली. पुन्हा दिली. एकेक जण पॅक होत गेला, शेवटी मी आणि एक भाऊ उरलो. माझे एकशे चाळीस रुपये खाली होते. शो मागितला. त्याच्याकडे दुर्रीची जोडी. दुर्री! मी ओरडले, ‘अरे, हात चांगला होता रे माझा!’

मामीकडे एक्का आणि गुलाम होता, तिने तो पहिल्याच फेरीत टाकून दिला होता. ‘सहा जणांत नुसत्या एक्क्याला कोण विचारतंय गं,’ असं म्हणून ती दूध तापवायला उठून गेली.

त्या रात्री अंथरुणात पडून मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ नावाचं प्रकरण होतं, आठवतंय? पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची शक्यता किती, या धर्तीची गणितं. चार भागिले बावन्न, म्हणजे एक भागिले तेरा. मार्क घेतले आणि विसरलो. ज्या वयात आपण ही गणितं सोडवत होतो त्याच वयात गावच्या यात्रेत देवळामागे पत्ते कुटत होतो, पण या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं ना सरांना वाटलं ना आपल्याला.

तर हिशोब असा. ५२ पत्त्यांमधून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यातले १६,४४० हात असे की त्यांत जोडी नाही, रंग नाही, रन नाही, काहीच नाही. म्हणजे चारातले जवळपास तीन हात नुसत्या मोठ्या पानाचे. जोडी १७ टक्के वेळा. रंग ५ टक्के. रन त्याहून कमी. ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, २२,१०० पैकी फक्त ५२. (एक गंमत बघा. एकाच रंगाची रन फक्त ४८ प्रकारे येते, म्हणजे ती ट्रेलपेक्षाही दुर्मिळ आहे. तरी आपण ट्रेलला वर ठेवतो. का, तर पूर्वीपासून ठेवत आलोय म्हणून.) आणि बरोब्बर मधला हात कुठला? बादशहा, दहा आणि तिसरं एखादं फुटकळ पान. त्याच्या वर निम्मे हात, खाली निम्मे.

म्हणजे माझा एक्का-बादशहा-सत्ती खरंच चांगला होता. समोर एकच माणूस असता तर शंभरात त्र्याहत्तर वेळा मी जिंकले असते. पण समोर पाच जण होते. पाचही जणांचे हात माझ्यापेक्षा कमी निघायला हवेत, म्हणून ०.७३ ला पाच वेळा गुणायचं. ढोबळ उत्तर येतं २१ टक्के. सहा जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा १७ टक्के. माझा ‘भारी’ हात सरासरीच्या जेमतेम चार पावलं पुढे होता, आणि शेवटपर्यंत जो भाऊ पैसे टाकत राहिला तो काही उगाच टाकत नव्हता. मामीने यातलं काहीच गुणलं नव्हतं. तिने फक्त माणसं मोजली.

हे सगळं दिवाळीच्या एकशे चाळीस रुपयांपुरतं असतं तर मी ते लिहायला घेतलं नसतं.

आमचा एक मित्र आहे. नाव नको. जुन्नर तालुक्यातला, पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला, रूम कॉट बेसिसवर. शनिवारी नारायणगावची एसटी धरायची, सोमवारी परत यायचं. नाशिक रोडला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी दोन-दोन तास काढलेत त्यांना सांगायला नको की तिथे माणूस मोबाईलवर काहीही करू शकतो. तो पोकर खेळायला लागला.

पोकर म्हणजे तीन पत्तीचा इंग्लिश मीडियमचा भाऊ, असं बरेच जण समजतात. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोनच पानं मिळतात, ती आपली आपण बघायची. नंतर मध्ये पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात, ती सगळ्यांची. सातातली सर्वोत्तम पाच म्हणजे तुमचा हात. पण सगळ्यात पहिला निर्णय त्या दोन पानांवर घ्यायचा असतो. खेळायचं की टाकायचं? पानं देणाऱ्याने दिली, त्यात तुमचं कर्तृत्व शून्य. त्यांना काय म्हणायचं, इथून तुमचं डोकं सुरू होतं.

आमच्या मित्राचं डोकं चांगलंच सुरू झालं. दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात. रंग बाजूला ठेवून सारख्याला सारख्या धरल्या तर १६९. त्या १६९ चौकोनांचा तक्ता त्याने मोबाईलच्या वॉलपेपरवर लावला होता. हिरवे खेळायचे, पिवळे जपून, लाल सरळ टाकायचे. कुठलीही जोडी हातात येण्याची शक्यता सतरात एक. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री म्हणजे सगळ्यात भिकार हात. एक्का-बादशहा दिसायला राजेशाही, पण समोर साधी दुर्रीची जोडी असेल तर तोच किंचित मागे, साधारण ४७ विरुद्ध ५३. (हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझी दिवाळी व्हायची होती. तेव्हा ऐकलं असतं तर एकशे चाळीस वाचले असते.) नऊ-दहा जणांच्या टेबलावर सावध खेळाडू चारातले तीन हात तरी न खेळताच टाकतो. तो टाकायचा. त्याला पॅक होण्याची लाज वाटत नव्हती, आणि आपल्याकडच्या पोरांत ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

दोन महिने तो जिंकत होता. बूट घेतले, रूममेट्सना मिसळ खिलवली. मग एका रात्री त्याच्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे नव्वी-अठ्ठी. सगळे पैसे मध्ये. चारातले तीन डाव इथे एक्केच जिंकतात. हा चौथा निघाला. गेलेले परत काढायला तो मोठ्या टेबलावर गेला. तीन दिवसांत फीचे बावीस हजार संपले. घरच्यांनी कांदा चाळीतून काढून घाईत विकला आणि फी भरली, भाव वाढायची वाट बघायला वेळ नव्हता. त्या आठवड्यात तो मला म्हणाला, ‘मी एकही हात चुकीचा खेळलो नाही गं.’

आणि हे खरं होतं. मी नंतर त्याच्याबरोबर बसून एकेक डाव बघितला, जमेल तितका तपासला. पानांपुरतं बोलायचं तर त्याचा अंदाज बरोबर होता.

मग चुकलं कुठे? मला वाटतं, ‘हात’ या शब्दात आपण फक्त पानं धरतो, तिथे. एक गणित करून बघा. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका माणसाच्या कुठल्याही पानांसमोर शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. पोकरमध्ये याच्या वर काही नाही. आता समजा, तुम्हाला ओळीने पाच वेळा एक्क्यांची जोडी आली, आणि पाचही वेळा तुम्ही खिशातलं सगळं लावलंत. पाच डावांनंतर खिशात काही उरण्याची शक्यता किती? ०.८५ पाच वेळा गुणा. ४४ टक्के. जगातला सर्वोत्तम हात पाच वेळा मिळूनही तुम्ही कफल्लक होण्याचीच शक्यता जास्त. ८५ हा आकडा खोटा नाही, पण तो खरा ठरायला हजारो डाव लागतात, आणि हजार डाव बसून राहण्याइतके पैसे बाहेर असावे लागतात. म्हणून पैसे जपून खेळणारे एका टेबलावर जेवढी रक्कम नेतात त्याच्या वीस-तीस पट बाजूला ठेवतात. आमच्या मित्राकडे बाजूला काय होतं? मेसचे पैसे. तक्ता त्याचा होता, पण ज्याच्यासाठी तो तक्ता बनवलेला असतो तो खेळाडू तो नव्हता.

त्यात प्रत्येक डावातून ॲप आपला वाटा कापून घ्यायचं, पोकरवाले त्याला रेक म्हणतात. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापला जायला लागला. त्याच्या वॉलपेपरवरच्या १६९ चौकोनांत यातलं काहीच नव्हतं. सगळे खेळाडू आळीपाळीने जिंकत-हरत राहिले तरी एक जण प्रत्येक डावात जिंकतोच, आणि तो पानं घेतच नाही.

जुन्नर-आंबेगावच्या आपल्यासारख्यांना खरं तर हे कळायला पोकरची गरज नाही. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आहे की. २०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीची मजुरी सुटेल एवढाही भाव नव्हता. त्याच जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजाराच्या वर भाव गेला. जुन्नर तालुक्यातले शेतकरी करोडपती झाल्याच्या बातम्या दिल्लीच्या चॅनेलवर झळकल्या, नारायणगावात कॅमेरे आले. सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले. जुलैत ज्याचा माल होता त्याला गावाने हुशार म्हटलं. सप्टेंबरात ज्याचा आला, त्याला? बऱ्याचदा दोघांनी सारखाच विचार केला होता, सारखीच रोपं आणली होती. लागवडीच्या तारखेत काही आठवड्यांचा फरक.

ॲनी ड्यूक नावाची माजी अमेरिकन पोकरपटू आहे, मानसशास्त्राची पीएच.डी. अर्धवट सोडून पोकरकडे वळलेली. तिने २०१८ मध्ये ‘थिंकिंग इन बेट्स’ हे पुस्तक लिहिलं. निकाल बघून निर्णयाला चांगलं-वाईट ठरवायच्या आपल्या सवयीला पोकरवाले ‘रिझल्टिंग’ म्हणतात, असं ती त्यात सांगते. आपल्या बांधावर हे रोज चालतं, फक्त त्याला नाव नाही. त्याचं झालं म्हणजे त्याला अक्कल होती. आपलं गेलं म्हणजे नशीब.

‘शेती म्हणजे जुगारच’ हे वाक्य मात्र मला आवडत नाही. पत्त्यांवर त्यात अन्याय होतो. पत्त्यांत निदान २२,१०० हा आकडा माहीत असतो, समोर किती जण बसलेत ते दिसतं. टोमॅटो लावणाऱ्याला कुठे दिसतं? त्याच महिन्यात नाशकात किती जणांनी लावला, कर्नाटकात कोलारला किती जणांनी, शेजारच्या शिवारात किती जणांनी, यावर त्याच्या हाताची ताकद ठरणार. माणसं न मोजता चाल द्यायची. शिवाय पत्त्यांत पॅक होणं फुकट असतं, रान पड ठेवणं फुकट नसतं. आणि खिशाचं गणित इथेही तेच. व्यापारी सीझनभर रोज खरेदी करतो, त्याचे शेकडो डाव होतात, एक फसला तर दुसऱ्यात निघतो. मल्चिंग, ठिबक, बांबू-तार, औषधं धरून एकराला लाखाच्या पुढे घालणाऱ्याच्या वाट्याला वर्षात एक, फार तर दोन डाव. आयुष्यभरात किती? तीस? चाळीस? त्यातले तीन लागोपाठ फसले तर चौथ्याला तो टेबलावर असेल का?

स्पर्धा परीक्षावाल्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यांना आधीच सगळे सल्ले देतात. एवढंच विचारते की, ‘आता चार वर्षं घातलीत, आता कसं सोडू,’ हे वाक्य आणि ‘आता एवढे टाकलेत, आता शो मागतोच,’ हे वाक्य, यात नेमका फरक काय? टाकलेले पैसे मधल्या ढिगात गेले की ते तुमचे राहत नाहीत. हातातली पानं आज काय म्हणतात एवढंच बघायचं असतं.

आता कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायची मोठी ॲप्स पटापट बंद झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायचा नाही, असं हा कायदा म्हणतो. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याआधी वर्षानुवर्षं सगळा वाद ‘कौशल्य की नशीब’ यावरच चालायचा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तीन पत्तीसारख्या खेळाला निव्वळ नशिबाचा. आपल्या राज्याचा जुगारबंदीचा कायदा तर १८८७ चा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसली, तेव्हा ते खेळत होते की, ते स्वतः म्हणाले तसं, आपोआप आलेला खेळ बंद करत होते, यावर आठवडाभर चर्चा झाली. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. यावर मी काही बोलत नाही.

बंदीला माझा विरोध नाही. आमच्या मित्राच्या वेळी ती असती तर त्याच्या घरचा कांदा अजून महिनाभर चाळीत राहिला असता. पण कौशल्य की नशीब या वादात एक गोष्ट कुणी विचारली नाही, ती म्हणजे कौशल्य असलं तरी ते कुणाच्या उपयोगाचं? पोकरमध्ये कौशल्य आहेच, मी ते डोळ्यांनी बघितलंय. ते खरं ठरेपर्यंत थांबण्याची ऐपत विद्यार्थ्याकडे नसते. शिवाय बंदीने टेबल उचललं, ‘हात चांगला आहे, जाऊ दे सगळं,’ ही खाज उचलली नाही. तीन पत्तीला कुठलं ॲप लागतं?

म्हणून माझं म्हणणं थोडं उलटं वाटेल. कॉलेजमध्ये पत्ते शिकवा. पैशांशिवाय, फळ्यावर, दिवसाढवळ्या. अमेरिकेत एमआयटीने २०१५ च्या जानेवारीत पोकरच्या गणितावर एक छोटा कोर्स घेतला होता, आणि तिथे कुणी त्याला बिघडणं म्हटलं नाही. आपल्याकडे हॉस्टेलवर कॅट दिसला की रेक्टर जप्त करतात, आणि पोरं दुसरा आणतात. पत्ते शिकवले तर मुलं जुगारी होतील, ही भीती मला कळते. पण खेळायचं कसं ते मुलांना आधीच येतं. फक्त २२,१०० माहीत नसतं.

तुम्ही म्हणाल, त्या मित्राला तर गणित येत होतं, त्याचं काय झालं? बरोबर. त्याला अर्धं येत होतं, पानांचं. खिशाचं अर्धं कुठल्याच तक्त्यात नव्हतं, आणि तेच आधी शिकवायला हवं. आणि हेही कबूल करते की पहाटे तीन वाजता गेलेले पैसे परत काढायला बसलेल्या माणसाला गुणाकार आठवत नाही. तिथे गणित नाही, माणूस लागतो. घरात बोलायची सोय नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मित्राने हा नंबर नंतर माझ्याकडूनच घेतला होता. फोन केला की नाही, ते मी विचारलं नाही.

एक प्रयोग मात्र तुम्ही आज रात्रीच करू शकता. आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी केला. पैशांऐवजी मामीच्या डब्यातले चिंचोके घ्या. प्रत्येक डावात पानं बघितली की, चाल द्यायच्या आधी, कागदावर एक आकडा लिहायचा. हा हात शंभरात किती वेळा जिंकेल? मग खेळा. असे शंभर डाव. शेवटी तपासा की जिथे जिथे तुम्ही ७० लिहिलं होतं तिथे खरंच दहातले सात जिंकलात का. माझे नाही जिंकले. एक्का दिसला की मी आकडा फुगवत होते. धाकटा भाऊ तर काहीही आलं तरी ९० लिहायचा, आणि हरला की म्हणायचा, ‘पण आलं असतं ना!’ सगळ्यात जवळ मामीचे आकडे होते. तिने शंभरापैकी बहुतेक डावांत वीसच्या आत लिहिलं आणि पॅक केलं. शेवटी चिंचोकेही तिच्याकडेच जास्त उरले, ते तिने पुन्हा डब्यात ओतले.

मित्र आता दर शनिवारी घरी जातो. एसटीत झोपतो म्हणे. यंदा लागवडीच्या आधी त्याने वडिलांना विचारलं, ‘पप्पा, लागोपाठ किती सीझन बुडाले तरी आपण उभे राहू?’ वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एक. दोन नाही.’ तीन एकरांतल्या दीड एकरातच या वेळी टोमॅटो लावलाय. उरलेल्यात काय केलं, असं मी परवा फोनवर विचारलं.

‘आईने कोथिंबीर टाकलीय,’ तो म्हणाला. ‘आता जुडीला काय भाव मिळणार ते मात्र विचारू नकोस.’